आधी काम, मग कॅमेरा

१९६८ साली कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला टेलर हॅकफर्ड नावाचा तरुण पीस कोर या अमेरिकन सरकारच्या परदेशी सेवायोजनेचा स्वयंसेवक म्हणून बोलिव्हियाला गेला. शिकला होता आंतरराष्ट्रीय संबंध, आणि पुढे वकिली करायचा बेत होता. तिथे फावल्या वेळात तो सुपर-८ कॅमेऱ्यावर चित्रण करू लागला. घरी परतल्यावर वकिलीचा बेत मागे पडला. लॉस एंजेलिसच्या केसीईटी या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राच्या टपाल विभागात त्याने नोकरी धरली. तिथूनच तो माहितीपटांकडे वळला, मग 'टीनेज फादर' या लघुपटाला ऑस्कर मिळालं, आणि पुढे 'ॲन ऑफिसर अँड अ जंटलमन' (१९८२) आणि 'रे' (२००४) हे चित्रपट आले.

त्याच बोलिव्हियात, त्याच सुमारास, होर्हे सांहिनेस हा ला पाझचा दिग्दर्शक आपल्या 'उकामाऊ' गटाबरोबर वेगळाच चित्रपट घडवत होता. 'यावार माल्कू' १९६९ साली पडद्यावर आला. त्याच्या कथेत एक परदेशी स्वयंसेवी संस्था डोंगरातल्या केचुआ गावात दवाखाना चालवते आणि तिथल्या बायकांची त्यांना न सांगता नसबंदी करते. चित्रपटात या संस्थेला 'प्रगती दल' असं नाव आहे, पण रोख कुणावर आहे हे बोलिव्हियात सगळ्यांना कळत होतं. सरकारने चित्रपट रोखायचा प्रयत्न केला, लोक रस्त्यावर उतरले, आणि तो दाखवावा लागला. पीस कोरने हा आरोप कायम नाकारला. तरी १९७१ साली त्यांना बोलिव्हिया सोडावं लागलं, आणि त्यामागच्या जनमतात या चित्रपटाचा वाटा होता.

परदेशी स्वयंसेवा आणि चित्रपटाची कारकीर्द या विषयाचा आढावा घ्यायचा तर या दोन्ही बाजू एकत्रच पाहायला हव्यात. एकाला त्या देशाने कॅमेरा हाती धरायला लावलं, आणि दुसऱ्याने कॅमेरा वळवला तो अशाच सेवकांकडे. 'परदेशात जाऊन सेवा केली की दृष्टी व्यापक होते' एवढंच ऐकून निघालेल्या तरुणाला या दुसऱ्या बाजूशी गाठ कधी ना कधी पडतेच. मला वाटतं ती लवकर पडलेली बरी.

सांहिनेसची स्वतःची गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे, कारण आपल्याच देशातल्या त्या गावात तोही परकाच होता. तो शहरातला, स्पॅनिश बोलणारा, चिलीत चित्रपट शिकून आलेला. चित्रीकरणासाठी तो आपला चमू घेऊन काआता या डोंगरी वस्तीत पोचला तो गावच्या मुखियाच्या ओळखीवर. मुखियाने हो म्हटलं की गाव येईल, हा शहरी हिशोब. गाव आलं नाही. पैसे देऊ केले, औषधं देऊ केली, तरी लोक दूरच राहिले. तेव्हा चमूच्या लक्षात आलं की आपण एका माणसाची परवानगी घेतली आणि गावाची राहिली. त्यांनी गावापुढे रीतसर कौल लावण्याची विनंती केली. यातिरीने, म्हणजे तिथल्या जाणत्या पुजाऱ्याने, सगळ्यांच्या साक्षीने कोकाची पानं टाकून या पाहुण्यांचा हेतू तपासला. कौल अनुकूल पडला आणि मग काम सुरू झालं. त्या अनुभवाने सांहिनेसची चित्रभाषा बदलली. एकच नायक आणि त्याचा चेहरा जवळून दाखवणारी दृश्यं त्याने हळूहळू सोडली. सगळा समूह एका चौकटीत मावेल अशा लांब दृश्यांकडे तो वळला. १९६७ साली सान हुआनच्या सणाच्या रात्री खाणकामगारांवर लष्कराने केलेल्या गोळीबारावर त्याने १९७१ मध्ये 'एल कोराहे देल पुएब्लो' केला, तो वाचलेल्या कामगारांनाच घेऊन. परवानगी कुणाची घ्यायची या प्रश्नाच्या उत्तरातून एक शैली जन्माला आली.

परमुलखात काम करायला गेलेल्या माणसाला मिळण्यासारखी सगळ्यात मोठी शिदोरी हीच, असं मला वाटतं. 'विषय' मिळतो हा फायदा त्यामानाने किरकोळ आहे. विषय वर्तमानपत्रातही मिळतात. तिथे राहून काम करणाऱ्याला मात्र महिनोन् महिने लोकांच्या नजरेखाली वावरावं लागतं. मोडकीतोडकी भाषा बोलावी लागते, ते देतील ते खावं लागतं, आणि बरेचदा आपला काही उपयोग नाही हे सोसावं लागतं. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाची जी अवस्था असते ती आधी स्वतःच्या वाट्याला येते. पीस कोरची मुदत सत्तावीस महिन्यांची असते, त्यातले पहिले तीन भाषा आणि प्रशिक्षणाचे. एवढा काळ एका जागी राहणं कुठल्याही चित्रपट-अभ्यासक्रमात बसत नाही.

आपल्याकडचं याचं सगळ्यात ठळक उदाहरण माहितीपटकार आनंद पटवर्धन यांचं आहे. ते मुंबईत १९५० साली जन्मले. घराणं स्वातंत्र्यचळवळीतलं, बेचाळीसच्या लढ्यातले अच्युतराव पटवर्धन त्यांचे काका. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला गेले. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध विद्यार्थ्यांची आंदोलनं पेटलेली होती, त्यांत ते उतरले. आणि पदवीनंतर सेझार चावेझ यांच्या युनायटेड फार्म वर्कर्स या शेतमजुरांच्या संघटनेत स्वयंसेवक म्हणून काम केलं.

ही संघटना काय होती हे थोडं सांगायला हवं. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांत राबणारे मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूर १९६५ साली डेलानो गावी संपावर गेले आणि तो संप पाच वर्षं चालला. चावेझ यांनी लढ्याची शिस्त अहिंसक राहावी म्हणून १९६८ मध्ये दीर्घ उपोषण केलं. गांधींचा त्यांच्यावर उघड प्रभाव होता. संघटनेच्या पूर्णवेळ स्वयंसेवकांना राहणं-जेवण आणि आठवड्याला पाच डॉलर मिळत. गांधींच्या देशातला एक मुलगा सत्याग्रहाची रोजची कामं पाहायला कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत पोचला. पोस्टर चिकटवणं, दुकानांसमोर उभं राहून 'ही द्राक्षं घेऊ नका' असं गिऱ्हाइकांना सांगणं, सभेच्या खुर्च्या लावणं, अशा कामांवर ती सगळी चळवळ उभी होती.

या संघटनेच्या कुशीत नाटकही वाढलं होतं. लुईस वाल्देझ या मजुराच्या मुलाने १९६५ मध्ये 'एल तेआत्रो काम्पेसिनो' ही मंडळी उभी केली. संपकरी मजूरच ट्रकच्या मागच्या फळीवर उभे राहून मालकांची आणि संपफोड्यांची सोंगं करत. पुढे याच वाल्देझने 'ला बाम्बा' (१९८७) दिग्दर्शित केला, आणि त्याचा एक निर्माता होता बोलिव्हियाहून परतलेला तो टेलर हॅकफर्ड. सेवा, चळवळ आणि चित्रपट यांच्या वाटा अशा अनपेक्षित ठिकाणी एकमेकींना येऊन मिळतात, हे मला फार हृद्य वाटतं.

पटवर्धन १९७२ मध्ये भारतात परतले ते थेट चित्रपटाकडे नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या किशोर भारतीत त्यांनी ग्रामविकासाचं काम केलं, मग १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनासाठी बिहारला गेले. तिथे कॅमेरा हाती आला तो चळवळीची गरज म्हणून. उसन्या सुपर-८ कॅमेऱ्यावर टिपलेली दृश्यं पडद्यावर टाकून ती पुन्हा १६ मिमी फिल्मवर उतरवली गेली, आणि त्यातून 'क्रांती की तरंगें' (१९७५) झाला. आणीबाणीत तो उघडपणे दाखवता आला नाही. पुढे कॅनडात मॅकगिल विद्यापीठात शिकताना त्यांनी जिम मन्रो यांच्यासह 'अ टाइम टू राइज' (१९८१) केला. ब्रिटिश कोलंबियातल्या शेतांवर राबणाऱ्या पंजाबी आणि चिनी मजुरांनी १९८० साली आपली संघटना बांधली, तिची ही कथा आहे. कॅलिफोर्नियात स्वयंसेवक म्हणून जे जवळून पाहिलं होतं, ते आठ-नऊ वर्षांनी दुसऱ्या देशात, आपल्याच उपखंडातल्या माणसांमध्ये, चित्रपट होऊन आलं. 'हमारा शहर' (१९८५) मधल्या मुंबईच्या झोपडपट्टीवासीयांशी ते ज्या ओळखीने बोलतात, किंवा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) साठी चौदा वर्षं ज्या चिकाटीने गाण्यांच्या आणि कार्यकर्त्यांच्या मागे राहतात, त्याची मुळं या क्रमात आहेत, असं मी मानतो: आधी स्वयंसेवक, मग कार्यकर्ता, मग दिग्दर्शक.

याच्याशी नातं सांगणारं दुसरं उदाहरण इंडोनेशियातलं आहे. जोशुआ ओपनहायमर हा अमेरिकन तरुण २००१ साली क्रिस्टीन सिनबरोबर उत्तर सुमात्रातल्या एका बेल्जियन मालकीच्या पाम-तेलाच्या मळ्यावर गेला. काम होतं मजुरांना स्वतःचा चित्रपट करायला मदत करण्याचं. त्यातून 'द ग्लोबलायझेशन टेप्स' (२००३) झाला. तणनाशक फवारणाऱ्या बायकांना संरक्षणाचं साधन मिळत नव्हतं आणि त्यांची यकृतं निकामी होत होती. त्यांना संघटना करायची होती, पण भीती वाटत होती. भीतीचं कारण विचारल्यावर १९६५ उघडं झालं. त्या वर्षीच्या हत्याकांडात त्यांचे आईबाप, आजे-आज्या संघटनेत होते म्हणून मारले गेले होते, आणि मारणारे अजून त्याच वस्तीत शेजारी म्हणून राहत होते. वाचलेल्यांनी बोलू नये म्हणून लष्कराने दम दिला, तेव्हा वाचलेल्यांनीच सुचवलं की मग मारणाऱ्यांना विचार; ते अभिमानाने सांगतील. ओपनहायमर एकेका मारेकऱ्याला भेटत गेला. एकेचाळिसावा अन्वर काँगो, 'द ॲक्ट ऑफ किलिंग' (२०१२) चा मध्यवर्ती माणूस. त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत सहदिग्दर्शकासह कितीतरी इंडोनेशियन साथीदारांच्या नावाच्या जागी 'अनामिक' असं लिहिलं आहे, कारण नाव दिलं तर जिवाला धोका होता. परदेशी माणूस विमान पकडून निघून जाऊ शकतो, स्थानिक साथीदाराला तिथेच राहायचं असतं. हा फरक या चित्रपटाने निदान श्रेयनामावलीत तरी लपवला नाही.

जे काम ओपनहायमर करायला गेला होता ते मजुरांच्या स्वतःच्या चित्रपटाचं होतं, आणि पुढचा रस्ताही त्यांनीच दाखवला. याच्या उलट टोकाला 'कोनी २०१२' ही चित्रफीत आहे. सॅन दिएगोची तीन तरुण मुलं २००३ मध्ये कॅमेरा घेऊन आफ्रिकेत गेली, उत्तर युगांडात जोसेफ कोनीच्या बंडखोर टोळीच्या भीतीने रोज रात्री शहरात झोपायला येणारी मुलं त्यांनी पाहिली, आणि त्यातून 'इनव्हिजिबल चिल्ड्रन' ही संस्था उभी राहिली. कळवळा खरा होता, यात मला शंका नाही. मार्च २०१२ मध्ये त्यांनी ही तीस मिनिटांची चित्रफीत प्रसृत केली आणि सहा दिवसांत ती दहा कोटी वेळा पाहिली गेली. पण कोनी तेव्हा कित्येक वर्षं युगांडात नव्हताच. युगांडातल्या लिरा शहरात ज्यांच्या घरची माणसं त्या युद्धात गेली होती, त्यांना ही चित्रफीत मैदानात दाखवली तेव्हा लोक संतापले, दगड भिरकावले गेले. त्यांच्या दुःखाच्या गोष्टीत दिग्दर्शकाचा छोटा मुलगा मध्यभागी होता आणि ते स्वतः कडेला. तिथे वर्षानुवर्षं राबलेल्या युगांडाच्या संस्थांचं काम त्या अर्ध्या तासात जवळपास दिसतच नाही.

कोलकात्याच्या सोनागाची या वेश्यावस्तीवरचा 'बॉर्न इंटू ब्रॉथेल्स' (२००४) या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. झाना ब्रिस्की ही छायाचित्रकार तिथल्या बायकांची छायाचित्रं काढायला गेली, वस्तीत राहिली, आणि मुलांना कॅमेरे देऊन शिकवू लागली. चित्रपटाला २००५ चं ऑस्कर मिळालं. त्यातला एक मुलगा पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात चित्रपट शिकला, हे छोटं यश नाही. तरी सोनागाचीतल्या बायकांच्या 'दुर्बार' या संघटनेने जो आक्षेप घेतला तो मला रास्त वाटतो. त्या बायका १९९५ पासून संघटित होऊन आपल्या आणि मुलांच्या हक्कांसाठी लढत होत्या, आणि पडद्यावर आया मात्र मुलांच्या वाटेतला अडसर म्हणून दिसल्या. मुलांनी काढलेली छायाचित्रं आजही पाहत राहावीत अशी आहेत, आणि माझ्या मते चित्रपटाचा सगळ्यात सच्चा भाग तोच आहे.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: कॅमेरा त्यांच्याच हाती का देऊ नये? अहमदाबादच्या 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेत १९८४ साली मार्था स्टुअर्ट या अमेरिकन निर्मातीने सुमारे वीस बायकांना व्हिडिओचं शिक्षण दिलं. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, लिहिता-वाचता न येणाऱ्याही होत्या. 'व्हिडिओ सेवा' त्यातून सुरू झालं आणि पुढेही त्याच बायका आपल्या सभा, आपले मोर्चे, आपल्या अडचणी टिपत राहिल्या. याच संघटनेत जवळपास दोन दशकांनी जेसिका मेबेरी ही न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणीत काम केलेली तरुणी अमेरिकन इंडिया फाउंडेशनच्या पाठ्यवृत्तीवर वर्षभरासाठी आली आणि गावातल्या बायकांना चित्रीकरण शिकवू लागली. परत जाऊन 'भारतातल्या माझ्या अनुभवांवर' माहितीपट करणं तिला सहज जमलं असतं. तिने २००३ मध्ये 'व्हिडिओ व्हॉलंटियर्स' ही संस्था काढली आणि 'इंडिया अनटच्ड' (२००७) चे दिग्दर्शक स्टॅलिन के. यांच्या साथीने तिचा कारभार गोव्यातून उभा केला. २०१० पासूनच्या 'इंडियाअनहर्ड' उपक्रमात देशभरच्या गावांतले वार्ताहर आपल्या रेशन दुकानाची, बंद पडलेल्या शाळेची, न मिळालेल्या मजुरीची चित्रफीत करतात, ती गावाला आणि अधिकाऱ्याला दाखवतात, आणि प्रश्न सुटला तर त्याचीही चित्रफीत करतात. मेबेरीची कारकीर्द चित्रपटक्षेत्रातलीच आहे, पण तिच्या नावावर एखादा गाजलेला चित्रपट शोधायला गेलं तर सापडणार नाही. अशी कारकीर्दही मोजणीत धरायला हवी.

कारकिर्दीच्या इतर वाटा थोडक्यात. ॲलरिक ब्राउन आयव्हरी कोस्टमध्ये पीस कोरचा स्वयंसेवक होता, नंतर न्यूयॉर्कमध्ये चित्रपट शिकला, आणि रवांडातल्या वंशसंहारावरच्या त्याच्या 'किन्यारवांडा' ला २०११ मध्ये सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला. नेटफ्लिक्सचा सहसंस्थापक रीड हेस्टिंग्ज स्वाझिलँडमध्ये स्वयंसेवक म्हणून गणित शिकवत होता. लिसिनिओ आझेवेदो या ब्राझीलच्या पत्रकाराची गोष्ट मला जास्त भावते. १९७५ मध्ये स्वतंत्र झालेल्या मोझांबिकला हात द्यायला जगभरून तरुण येत होते, त्यांतला तो एक. तिथल्या राष्ट्रीय चित्रपट संस्थेत तो कामाला लागला आणि परत गेलाच नाही. आज त्याचं नाव मोझांबिकचा दिग्दर्शक म्हणूनच घेतलं जातं.

आता आपल्या मुलामुलींसाठी. 'परदेशात स्वयंसेवा आणि चित्रीकरण' अशा नावाने पैसे घेऊन दोन-तीन आठवड्यांच्या सहली विकणाऱ्या कंपन्या आता पुष्कळ आहेत. त्यांच्यापासून दूर राहा, असं मी स्पष्टच सांगेन, आणि त्यातही अनाथालयांच्या सहलींपासून. कंबोडिया आणि नेपाळमधल्या अशा संस्थांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे वारंवार दिसून आलं आहे. पाहुण्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या ठिकाणी मुलं जमवली जातात, आणि तिथे काढलेली प्रत्येक गोड चित्रफीत पुढच्या पाहुण्याला बोलावणं धाडते. नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांच्या 'साइह' या संस्थेने स्वयंसेवकांनी समाजमाध्यमांवर छायाचित्रं टाकताना काय पाळावं याची छोटी मार्गदर्शिका काढली आहे. चित्रपटाच्या विद्यार्थ्याने ती पहिल्या वर्षीच वाचावी.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष महागात पडतं. बऱ्याच देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही, आणि व्यावसायिक चित्रीकरणाला निराळी परवानगी लागते. जाण्याआधी यजमान संस्थेला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: माझं रोजचं काम काय, चित्रीकरणाला होकार किंवा नकार कुणाचा चालेल, आणि चित्रित केलेलं साहित्य शेवटी कुणाकडे राहील. तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर कॅमेरा घरी ठेवून जावं. काम तरीही करता येतं. घराबाहेर न पडता सुरुवात करायची असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाची ऑनलाइन शाखा आहे. तिथे दुसऱ्या देशातल्या संस्थेसाठी उपशीर्षकं करणं, चित्रफिती संकलित करणं अशी कामं असतात. दुसऱ्याने टिपलेल्या फिती तासन्‌तास पाहताना कुणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ रेंगाळला आणि कुणावर थांबलाच नाही, हे डोळ्यांत भरतं.

पैशाची अडचण मात्र खरी आहे आणि ती गोड शब्दांनी झाकता येत नाही. हॅकफर्डचा खर्च अमेरिकन सरकारने केला, पटवर्धनांना शिष्यवृत्तीने तिथवर नेलं, मेबेरीला पाठ्यवृत्ती होती. पीस कोर १९६१ मध्ये सुरू झाला तेव्हाच त्याचे स्वयंसेवक भारतात आले. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर अडुसष्टाव्या वर्षी मुंबईत विक्रोळीला काम करत होत्या. आपल्या तरुणांना मात्र तशा दीर्घ मुदतीसाठी बाहेर धाडणारी त्या आकाराची सरकारी योजना आपल्याकडे नाही. राष्ट्रीय सेवा योजना आहे, १९६९ पासूनची, पण ती देशापुरती. लातूर किंवा सावंतवाडीच्या मुलीला मोझांबिकला वर्षभर जायचं असेल तर आज तिने घरच्यांकडे पाहायचं किंवा परदेशी पाठ्यवृत्तीकडे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने आणि आपल्या विद्यापीठांतल्या जनसंज्ञापन विभागांनी हे थोडं तरी बदलावं. वर्षाची रजा जागा न गमावता मिळावी, परतल्यावर संकलनाची खोली मिळावी, आणि पूर्ण झालेला चित्रपट महोत्सवाच्या आधी त्याच वस्तीत नेऊन दाखवण्याचा प्रवासखर्च मिळावा. तिन्हींसाठी नवी इमारत लागत नाही. शेवटचा खर्च मंजूर करताना लेखाधिकारी कुरकुर करतील, तेव्हा विभागप्रमुखांनी त्यांना लिरा शहरातल्या त्या मैदानाची हकीकत सांगावी.